फेरतपासणीला पाठवलेलं कार्ड

माझं दुकान लातुरात शिकवण्यांच्या गल्लीत आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, हॉलतिकिटाच्या प्रिंटा, आणि निकाल लागला की पुढचे आठ दिवस नुसते फेरतपासणीचे अर्ज. आमच्या गावात पहिला निकाल कुणी खरा मानतच नाही. पंच्याण्णव टक्के पडलेलं लेकरूही रडत येतं, मागून त्याचा बाप येतो आणि म्हणतो, "पेपर तपासणारा झोपला होता का?" पंचवीस वर्षं मी अशांचे अर्ज भरत आलोय, आणि खोटं कशाला बोलू, मलाही त्या बापासारखंच वाटतं. मिळालेले मार्क गपगुमान घ्यायचे नसतात, हे माझ्या डोक्यात इतकं घट्ट बसलंय की त्यापायी मी माझ्या म्हाताऱ्या वडिलांचं वाटोळं केलं. शब्द मोठा वाटेल, पण दुसरा मला सापडत नाही.

अप्पा, म्हणजे माझे वडील, नायगावला शाळेत गणित शिकवायचे. आता नव्वदीला आलेत आणि नांदेडला माझ्या धाकट्या बहिणीकडं राहतात. त्यांच्याजवळ एक कार्ड होतं, आगपेटीपेक्षा जरासं मोठं. निजामाच्या काळात सिगारेटच्या पाकिटातून अशी कार्डं निघायची. पुढून खेळाडूचं रंगीत चित्र, मागून इंग्रजीत त्याची माहिती. अप्पांचे थोरले भाऊ अण्णा, त्यांच्याहून तेरा-चौदा वर्षांनी मोठे, हैदराबादला शिकायला होते. त्यांनी हे कार्ड पत्रात घालून धाकट्या भावाला पाठवलं होतं, आणि त्याच वर्षी मुदतीच्या तापानं ते तिथंच गेले. कार्डावरचा गोरा क्रिकेटवाला कोण, याच्याशी अप्पांना काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी ते लॉगच्या तक्त्यांच्या पुस्तकात ठेवलं होतं आणि जन्मभर तिथंच राहू दिलं.

खाज मला सुटली. मोबाईलवर बघत होतो, तर लोक अशी जुनी कार्डं परदेशातल्या कंपन्यांकडं पाठवतात. ते लोक कोपरे बघतात, कडा बघतात, चित्र मधोमध छापलंय का ते बघतात, मग प्लास्टिकच्या कडक डबीत ते कार्ड कायमचं बंद करतात आणि वर दहापैकी मार्क छापून परत पाठवतात. मार्क म्हटलं की माझे कान टवकारतात. पुण्यात एक माणूस अशी कार्डं गोळा करून एकदम धाडतो, त्याच्याशी मी बोललो आणि अप्पांच्या मागं लागलो. विकायचं नव्हतं. नुसतं बघायचं होतं की आपल्या घरातली वस्तू कितीची आहे. अप्पांनी आढेवेढे घेतले, पण शेवटी वहीच्या कागदात गुंडाळून दिलं. पाच महिन्यांनी ते डबीत बंद होऊन आलं. मार्क चार.

चार! दहापैकी चार म्हणजे जेमतेम काठावर पास. लातूरहून नांदेडला निघालो तो सगळ्या रस्त्यानं धुसफुसत होतो. पण तिकडं वेगळंच चालू होतं. अप्पांना काचबिंदू निघाला होता. डावा डोळा गेलेलाच होता, आणि उजव्यानं नळीतून बघावं तेवढंच मधलं दिसत होतं. डॉक्टरनं बहिणीला स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली किती टिकंल ते बघू. अप्पांनी खुर्ची खिडकीपाशी ओढली, डबी उजेडात धरली आणि कितीतरी वेळ बघत बसले. मग म्हणाले, "चार का? बरे आहेत की. माझ्याएवढंच म्हातारं झालंय ते."

मला राहवेना. म्हटलं, "अप्पा, हे चुकीचं तपासलंय. भिंगाखाली बघितलंय मी, चारही कोपरे शाबूत हायेत. दुसरी कंपनी आहे, तिच्याकडं पाठवतो. सहा तर कुठं जात नाहीत."

"तपासणाऱ्यानं दिले ते मार्क," अप्पा म्हणाले. "मी चाळीस वर्षं पेपर तपासले. मला कुणी सांगायला आलं नाही की मी झोपलो होतो. राहू दे ते माझ्यापाशी."

"पाच महिन्यांचा तर प्रश्न आहे."

तेव्हा ते जे बोलले, ते त्याआधी कधी बोलले नव्हते. म्हणाले, "हा बॅटीवर रेलून उभा आहे ना, आमचा अण्णा असाच काठीवर रेलायचा दारात. अण्णाचा फोटो नाही कुठं. हे बघितलं की तो आठवतो मला. चार दिवस नाही बघितलं की पुसट होतो. आता डोळेही चाललेत. जेवढं दिसतंय तेवढं बघू दे."

बहीणही म्हणाली, "असू दे की रे भाऊ. खामखा कशाला जिद्द करतोस?"

याच्यापुढं शहाण्या माणसानं गप्प बसावं. मी बसलो नाही. मला वाटलं म्हातारा माणूस हळवा झालाय, आणि चांगले मार्क घेऊन आलो की यालाच सगळ्यात जास्त आनंद होईल. दुकानात येणाऱ्या बापांना मी हेच सांगत आलो होतो, की आज लेकरू नको म्हणंल, निकाल बदलला की तुमच्याच पाया पडंल. अप्पांनी वाद घालणं सोडून दिलं. त्यांनी डबी माझ्याकडं दिली आणि डोळ्यांत थेंब घालून घ्यायला आत गेले.

दुसऱ्या कंपनीला पाठवायचं तर पहिलीची डबी फोडावी लागते, नाहीतर तपासणाऱ्याचं लक्ष आधी जुन्या चाराकडंच जातं. एका सोमवारी सकाळी, शटर अर्धं उघडून, मी पकडीनं डबीच्या कडा चेपल्या. तडकन आवाज झाला आणि कार्ड मोकळं झालं. कोपरा दुमडला नव्हता, कड उचकटली नव्हती. मी ते दुकानातल्या महादेवाच्या तसबिरीपुढं ठेवलं.

आम्हा लिंगायतांत सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय घरातला माणूस पाण्याला शिवत नाही, आणि पूजेची विभूती तीन बोटांवर घेऊन ज्याचं बरं व्हावं असं वाटतं त्याला लावतो. वही, नवी गाडी, तराजू, काहीही. माझ्या दुकानातून एकही हॉलतिकीट विभूतीशिवाय बाहेर जात नाही. पोरांच्या आया तर त्यासाठीच माझ्याकडून प्रिंट घेतात. त्या सकाळीही हात आपोआप गेला. तीन बोटं कार्डावर टेकवली, त्या बॅटवाल्याच्या अगदी छातीवर. टेकवली तेव्हाच कळलं की आपण काय केलं. तीन पांढरे पट्टे. घाबरून मी ते पुसलं, आधी फुंकरीनं, मग धोतराच्या मऊ कापडानं, मग तेच कापड तोंडाच्या वाफेनं जरा ओलं करून. वरवर सगळं निघालं. उजेडात तिरकं धरलं तेव्हा बारीक घासल्यासारखं दिसलं, पण मी मनाला म्हटलं, एवढं कोण बघतंय. भिंग हातात असताना मी हे म्हटलं.

पाच महिने म्हणालो होतो, सात लागले. बहिणीचा दर रविवारी फोन यायचा. सुरुवातीला अप्पा तिच्या हातातून फोन घेऊन विचारायचे, "आलं का रे?" मी सांगायचो, येईल. मग ती एकदा म्हणाली, अप्पा आज ताटातली भाकरी चाचपत होते. पुढं एका रविवारी म्हणाली, खिडकीकडं तोंड करून बसतात, पण दिवा लावलाय का विझलाय ते विचारावं लागतं त्यांना. मी दुकानात उभा होतो आणि समोर कुणाचा तरी फॉर्म अर्धवट भरलेला होता. मी तो पुरा भरला, कारण दुसरं काय करावं ते कळेना.

कार्ड नव्या डबीत बंद होऊन आलं. मार्क नव्हते. मार्कांच्या जागी लिहून आलं होतं की पृष्ठभागावर बाहेरची पूड आहे आणि ती पुसायचा प्रयत्न झालेला आहे, म्हणून मार्क देता येत नाहीत. चारही गेले. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागलो होतो, दुसरं काय.

नांदेडच्या एसटीत अहमदपूरपर्यंत माझं ठरलं होतं, सात मार्क मिळाले म्हणून सांगायचं. त्यांना कुठं दिसणार आहे? लोहा आलं तोवर माझी मलाच शरम वाटायला लागली. गेलो. अप्पा पलंगावर बसले होते. पावलं ओळखून म्हणाले, "किती?"

"दिलेच नाहीत, अप्पा. विभूती लावली मी त्याला. मग पुसली. त्यानं खराब झालं."

मला वाटलं ओरडतील. ते ओरडले असते तर मी आनंदानं ऐकून घेतलं असतं. ते म्हणाले, "चित्र आहे ना?"

"आहे."

"सांग कसं आहे."

मी डबी हातात धरली. वर्षभरात जेव्हा जेव्हा ते कार्ड हातात आलं, मी त्याचे कोपरे बघितले होते, कडा मोजल्या होत्या, मधोमध छापलंय का ते पट्टी लावून पाहिलं होतं. तो माणूस कसा उभा आहे ते मी कधी बघितलंच नव्हतं. बघत बघत सांगत गेलो. डोक्यावर टोपी आहे. पांढरा स्वेटर आहे. डावा हात कमरेवर, उजवा बॅटीच्या मुठीवर, आणि सगळा भार बॅटीवर टाकलाय. उजवा पाय डाव्यापुढून आडवा घेतलाय.

"मान?"

"जराशी डावीकडं कललीय."

अप्पांनी डोळे मिटले. त्यांनी मिटले काय आणि उघडे ठेवले काय, फरक नव्हता, पण त्यांनी मिटले. बहीण दारात उभी होती. मग त्यांनी मान हलवली.

"तू सांगितलंस ते बरोबर असंल," ते म्हणाले. "टोपी कळाली, स्वेटर कळाला. पण अण्णा दिसंना आता."

मी डबी त्यांच्या हातात दिली. त्यांनी प्लास्टिकवरून अंगठा फिरवला, दोन्ही बाजूंनी, आणि बहिणीच्या दिशेनं हात लांब केला. "ठेव कुठंतरी," म्हणाले. "मला आता त्याचं काय करायचंय."

मी निघालो तेव्हा बहिणीनं पायरीवर ती डबी माझ्या हातात ठेवली. "तूच ने लातूरला," ती म्हणाली. "तुलाच लई हौस होती." ती डबी आता माझ्या दुकानात आहे. अप्पांनी त्यानंतर कार्डाबद्दल काही विचारलेलं नाही, आणि अण्णांचं नावही पुन्हा काढलेलं नाही.