आक्कानं न दिलेली खोली

शाळेत चौथा तास चालू होता. फळ्याकडे तोंड करून मी अपूर्णांकाची बेरीज लिहीत होतो आणि वर्ग एकदम गप्प झाला, म्हणून वळून पाहिलं. दारात काळाचौकीचे सावंत उभे होते. गिरणीतून तसेच आलेले, खांद्यांवर कापूस. मला पाहून त्यांनी टोपी काढली आणि मला कळलं. "मास्तर, चला. आक्का गेल्या," एवढंच ते म्हणाले. खडू मी खिशात घातला. तो खिशात आहे हे संध्याकाळी सगळं आटोपल्यावर, हात धुताना लक्षात आलं.

या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. तेराव्यानंतरच्या रविवारी चाळीच्या पटांगणात शोकसभा झाली. चळवळीतली माणसं आली होती, गिरणीतल्या बायका आल्या होत्या. सावंतांनी भाषण केलं. महाराष्ट्र होणार हे आता नक्की झालं आहे, तो बघायला आक्का हव्या होत्या, असं ते म्हणाले. आणि पुढे म्हणाले, की सत्याग्रहाच्या, धरपकडीच्या दिवसांत समितीला बसायला जागा नव्हती, तेव्हा छातीच्या दुखण्यानं बेजार असलेल्या या बाईनं राहती खोली चळवळीला दिली. लोकांनी हात जोडले. त्या खोलीवर तिच्या नावाची पाटी लावायची आणि तिथं वाचनालय करायचं, असंही ठरलं. मी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, दुःखानं. त्या दिवशी मी उठून बोलायला हवं होतं. बोललो नाही, म्हणून हे लिहितो आहे. आक्कानं खोली दिली नव्हती. ती मी दिली, तिला न विचारता.

आक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. लग्न होऊन मुंबईला आलेल्या आक्कानं मला मालवणाकडून इकडे आणलं. पुढे तिचे यजमान गेले. मूल नव्हतं. ती गिरणीत वाइंडिंग खात्यात लागली आणि सव्वीस वर्षं सूत गुंडाळत राहिली. त्या सुतावर मी मॅट्रिक झालो, मास्तर झालो, लग्न झाल्यावर दादरला दुसऱ्या मजल्यावर बिऱ्हाड केलं. तिच्या छातीत कापसाचा बारीक कचरा बसत गेला, तो कुणाला दिसला नाही. खोकला वाढला, दम लागू लागला, शेवटी गिरणी सुटली.

काळाचौकीच्या चाळीत तिची खोली तळमजल्यावर, अगदी टोकाला. मागचं दार उघडलं की चाळीची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये चार हात रुंदीची पट्टी होती. ती आक्काची बाग. मोरीच्या पाण्यावर अळू माजलेलं, फुटक्या बादलीत तुळस, अबोलीची दोन झुडपं, आपोआप उगवलेली एक पपई, आणि तारेवर चढवलेला पडवळाचा वेल. पडवळं सरळ वाढावीत म्हणून ती त्यांच्या टोकांना सुतळीनं दगड बांधायची. गिरणीतली एखादी बाई भेटायला आली, तर जाताना पदरात अळूची पानं घेऊनच जायची. एक मांजरी होती, एका कानाचा तुकडा गेलेली. रोज ठरल्या वेळी कुंपणावरून चाळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायची, म्हणून आक्कानं तिचं नाव फौजदारीण ठेवलं होतं. धरपकडीच्या दिवसांत आक्का मागच्या दारातून "फौजदारीण इली रे!" म्हणून हाक मारायची आणि पटांगणात पत्रकं वाटणारी माणसं दचकून पळायची. मग ती खोकला येईपर्यंत हसायची. "मेल्यांनो, मांजराक भियातत आनी राज्य घेतले म्हनतत!"

तिच्या दुखण्याचं माप त्या पट्टीत होतं, हे मला फार उशिरा समजलं. पत्र्याचा लहान डबा घेऊन ती झाडांना पाणी घाली. तुळशीला डबाभर, मग उंबऱ्यावर बसून श्वास. अबोलीला डबाभर, पुन्हा श्वास. मी रविवारी गेलो की सांगायची, "काल तुळशीपासून पपईपर्यंत गेलंय, मदी बसलंय नाय." किंवा, "ह्यो आठवडो वायट. अबोलीकडेच बसलंय." मी मान हलवायचो आणि विचारायचो, औषध घेतलंस का, डॉक्टर काय म्हणाले. फौजदारीण तिच्या पायाशी अंगाचं मुटकुळं करून पडलेली असायची. दम लागला की आक्का तिच्या पाठीवर हात ठेवायची आणि मांजरीच्या श्वासाबरोबर आपला श्वास लावायला बघायची. मी त्याला खुळेपणा म्हणायचो.

परळच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले, धुरापासून दूर ठेवा, मोकळी हवा हवी. मी लगेच तिला दादरला आणली. मला वाटलं, ऋण फेडण्याची वेळ आली. माझी बायको कुसुम मनापासून करायची, त्यात खोट नव्हती. पण आमची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. आक्का खाटेवर बसून ती भिंत बघायची. खाली उतरायचं तर चव्वेचाळीस पायऱ्या. एकदा कुसुमनं विचारलं, "वन्सं, आज बरं वाटतंय का?" तर ती म्हणाली, "हयसर मी बरी आसंय काय वायट, ताच माका कळणा नाय." आम्ही दोघं हसलो... तिला करमत नाही, एवढाच अर्थ आम्ही घेतला. महिनाभर राहायचं आणि परत जायचं, असं तिच्या मनात होतं. रोज मी शाळेतून आलो की एकच प्रश्न. "अळवाक कोण पानी घालता?"

त्याच सुमारास समितीची आधीची जागा बंद झाली. काळाचौकीला चाळीच्या पटांगणात सभा होती. मी पत्रकांचा मजकूर लिहून द्यायचो, भाषण कधी करत नसे. बसायचं कुठं, यावर बराच वेळ चर्चा चालली होती. कोण जाणे काय झालं, मी उभा राहिलो आणि म्हणालो, "माझ्या बहिणीची खोली रिकामी आहे." टाळ्या पडल्या. आयुष्यात माझ्यासाठी कधी कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या आवाजात माझं तोंड आणखी उघडलं. मी म्हणालो, "आक्काच म्हणाली, मला काय करायची आहे खोली, चळवळीला द्या." कुणीतरी तिच्या नावाचा जयजयकार केला. किल्ली माझ्याकडेच होती, ती मी तिथल्या तिथं सावंतांच्या हातात ठेवली. आठ दिवसांचा तर प्रश्न, घरी जाऊन सांगू, असं मनात होतं. घरी आलो तर आक्का जागीच होती. अळवाचं विचारलं. मी म्हणालो, "घालतात की. शेजारच्या बाई घालतात." ... आठ दिवस गेले, महिना गेला. रोज ती विचारायची आणि मी रोज माझ्या थापेतल्या त्या शेजारच्या बाईंना पाणी घालायला लावायचो.

एका दुपारी सावंत आमच्या दादरच्या घरी आले. हातात नारळ आणि झेंडूचा भलामोठा हार. मला काही करता येण्याआधीच त्यांनी हार आक्काच्या गळ्यात घातला. "आक्का, सगळ्या चाळीत तुमचं नाव झालंय. मास्तरांनी तुमचा निरोप सांगितला आणि आम्हाला जागा मिळाली. मी म्हटलं, बाईंना भेटून तरी येऊ."

आक्कानं माझ्याकडे पाहिलं. कुसुमनंही. मी पाणी आणायला उठलो आणि दारातच थांबलो. मग आक्का म्हणाली, "तर काय. लोकांच्या कामाक येता तर येवंदे." आणि तिनं विचारलं, "फौजदारीण काय करता?"

"ती?" सावंत हसले. "ती चिटणीस झालीय आमची. ज्या कागदाची घाई, नेमकी त्याच्यावर बसते."

"आनी मागचा अळू?"

सावंतांचा चेहरा जरा ओशाळला. "मागं झेंड्यांच्या काठ्या ठेवल्यात. माणसांची ये-जा... थोडं तुडवलं गेलं खरं."

ते गेल्यावर आक्कानं हार काढला. मला वाटलं, आता बोलेल. हाराचा दोरा सोडवून तिनं एकेक झेंडू खिडकीच्या कट्ट्यावर वाळत ठेवला. त्या दिवसापासून तिनं अळवाचं विचारणं बंद केलं, आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतर पाच महिने मी खोली परत मागितली नाही. कारणं पुष्कळ सांगता येतील. सत्याग्रह चालू होते, पेपर तपासायचे होते, रस्ते बंद होते. खरं कारण एकच. ज्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्यांच्यासमोर हात पसरायची मला लाज वाटत होती. आक्का खाटेवरून कमी उठायला लागली. तिचं जेवण कमी झालं. ती शांत झाली, असं मी लोकांना सांगायचो. शेवटी एका सकाळी कुसुमनं माझ्यापुढे चहाचा कप आदळला. "अहो, सभेत उभं राहून देता आली ना खोली? मग दारात उभं राहून मागता येत नाही?"

मी गेलो. भाषणासारखी तयारी करून गेलो होतो. सावंतांनी मला अर्ध्यातच थांबवलं. "मास्तर, एवढंच ना? अहो, व्यायामशाळेवर आम्हाला केव्हाच मोठी जागा मिळालीय. इथून हललो तर आक्कांना वाईट वाटेल, म्हणून हे दुकान इथं मांडून बसलोय. आधी बोलायचंत की!" दोन तासांत त्यांनी खोली रिकामी केली, झाडूनही दिली. झाडणाऱ्यांकडे बघत मी उभा होतो. तिचे पाच महिने कुणीच मागितले नव्हते. ते मीच देऊन टाकले होते.

टॅक्सीनं तिला परत आणली. ती सरळ मागच्या दारात गेली आणि उंबऱ्यावर बसली. पपई मोडली होती, अबोलीचं एकच झुडूप उरलं होतं. पडवळाची नुसती तार राहिली होती. अळवाचे दोन कोंब चिखलातून वर आले होते. तुळस तेवढी धडधाकट होती, तिला कुणी पाय लावला नव्हता. फौजदारीण कुंपणावर होती. ती खाली आली, आक्काचा पाय हुंगला आणि पाठ फिरवून निघून गेली. "रुसली," आक्का म्हणाली. "खंय होतंस इतके दिस, म्हनान इचारता." तिसऱ्या दिवशी मांजरी आपण होऊन पायाशी येऊन बसली, असं तिनं मला पुढच्या रविवारी सांगितलं. दादरच्या आठ महिन्यांत तिच्या तोंडून इतका आनंद मी ऐकला नव्हता. दादरला वाळवलेले झेंडू तिनं बरोबर आणले होते. ते तिनं चुरगाळून पेरले, त्यातली चार रोपं आली.

त्यानंतर ती वर्षभर जगली. बरी झाली, असं मी म्हणणार नाही. दम तसाच होता. तुळशीपासून अबोलीपर्यंत, त्यापुढे ती पुन्हा कधी न बसता गेली नाही. पण सकाळी ती कुठपर्यंत गेली, हे तिला संध्याकाळी सांगता यायचं. आता मी ते ऐकायला शिकलो होतो. डॉक्टर म्हणाले, हे दुखणं असंच जाणार होतं, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. ते पाच महिने तिला तिच्या पट्टीत मिळाले असते, तर ती पपईपर्यंत पोचली असती का... हे मी त्यांना विचारलं नाही. पपई म्हणजे काय, ते त्यांना कुठून सांगायचं?

शेवटच्या दिवाळीनंतर एकदा मी धीर केला. म्हणालो, "आक्का, मी सगळ्यांना खरं सांगून टाकतो." ती अळूची पानं पुसत होती. म्हणाली, "आता सांगान तुका काय गावतला? तुझ्या जीवाक बरा वाटतला, इतक्याच."

"मग त्या दिवशी सावंतांसमोर तू का नाही बोललीस?"

"तू मास्तर. चार मानसांत तुका खोटो कसो पाडू?" पानांची जुडी माझ्या हातात देत ती म्हणाली, "पन बाबल, परत कोनाचा घर तेका इचारल्याबिगर देऊ नको."

तिच्या हयातीत मी गप्प राहिलो, ते तिच्या शब्दाखातर, असं स्वतःला सांगत होतो. आता पाटी रंगवून तयार आहे, 'आक्कांनी चळवळीला दिलेली खोली'. तिच्यावर लिहिलेलं खोटं आहे आणि ते माझं आहे. सावंतांनी वाचनालयाचं विचारलं तेव्हा म्हणाले, "आक्कांचीच इच्छा असणार, मास्तर. तुमची हरकत नसेलच." आक्काची इच्छा काय होती, हे मला ठाऊक नाही, सावंत. तिनं मला सांगितलं नाही आणि मी कधी विचारलं नाही. ही पाटी लावू नका. वाचनालय चांगलं काम आहे, त्याचं उत्तर मी देईन. पण आज नाही.

रविवारी मी खोलीवर जातो. मागचं दार उघडतो, मुशी मासळीचा एखादा तुकडा पत्र्याच्या झाकणात घालून उंबऱ्याच्या आत ठेवतो. आक्का असंच ठेवायची. फौजदारीण कुंपणावर बसलेली असते. ती माझ्याकडे बघते, झाकणाकडे बघते, आणि हलत नाही. पहिल्या रविवारी मी तासभर तिला बोलावत बसलो. ती आली नाही. आता मी बसत नाही. झाकण ठेवतो, पुढच्या दारानं बाहेर पडतो आणि दार ओढून घेऊन व्हरांड्यात उभा राहतो. येणारे-जाणारे विचारतात, "मास्तर, बाहेर का?" जरा वेळानं आतून फरशीवर झाकण सरकल्याचा आवाज येतो. तो थांबेपर्यंत मी आत जात नाही.