इंडियन मील मिळेल

निवृत्त झाल्यावर पहिलं वर्ष मी घर आवरलं आणि दुसऱ्या वर्षी नवऱ्याला आवरायला घेतलं. तिसऱ्या वर्षी त्यांनीच माझ्या हातात गाडीच्या किल्ल्या ठेवल्या आणि म्हणाले, "अगं, आठवड्यातून दोन दिवस तरी कुठे जात जा. कुठेही." म्हणून मी त्या गावात जायला लागले. ओहायोतल्या आमच्या डब्लिनपासून तासाभरावर ते गाव आहे. दोन्ही बाजूंनी मका, मध्ये एक पाण्याची टाकी, एक डायनर म्हणजे छोटं हॉटेल, अग्निशामक केंद्र, आणि जुन्या बँकेच्या इमारतीत एक खोली. त्या खोलीत गावच्या बंद पडलेल्या साप्ताहिकाचे, सव्वाशे वर्षांपूर्वीपासूनचे, जाडजूड बांधीव खंड ठेवलेले होते.

मी सिव्हिल इंजिनिअर. नागपूरला शिकले आणि इथे रस्ते आणि रस्त्यांखालच्या मोऱ्या यांत जन्म घालवला. नोकरीत असताना एका मोरीचं वय शोधायला कुणीतरी मला या खोलीकडे धाडलं होतं, तेव्हापासून ती डोक्यात होती. खोली सांभाळायची सत्तरी ओलांडलेली एक बाई, पूर्वी गावातच शिक्षिका होती. पगार नाही, मानधन नाही. मंगळवारी आणि गुरुवारी येऊन फाटलेल्या पानांना पातळ कागद चिकटवत बसायची. मी जायला लागल्यावर तिने मला एक खुर्ची दिली, हातात पेन्सिल दिली आणि पेनला बंदी घातली. आमचं छान जमलं.

त्या पेपरात मला बातम्यांपेक्षा गावाच्या कौन्सिलचा खर्च जास्त आवडायचा. दर महिन्याला कौन्सिल कुणाला किती पैसे दिले ते पेपरात छापत असे, अगदी सेंटापर्यंत. रस्त्यावरच्या दिव्यांना रॉकेल. दिवे लावणाऱ्याचा पगार. तेव्हाच्या लाकडी फुटपाथच्या फळ्या, खिळे. मेलेला घोडा उचलून नेण्याचे दीड डॉलर. एका सुताराने एकाच चौकातल्या फळ्या सहा महिन्यांत तीनदा बदलल्या होत्या आणि तिन्ही वेळा पैसे घेतले होते. मला इतका राग आला की मी त्या सुतारावर हिशेब तपासनिसासारखी टिपणं काढायला बसले. खोलीवाली म्हणाली, "तो वारला." मी म्हटलं, "मग काय झालं?"

खर्चाच्या पाठच्या पानावर दुकानांच्या जाहिराती. त्यांची आणि खर्चाची जोडी लावायचा मला नाद लागला. कौन्सिलला खिळे विकणारा दुकानदार आणि कौन्सिलात बसणारा सभासद एकच होता, हे मी दोन पानं शेजारी ठेवून शोधून काढलं. आपल्या गावाकडच्या पद्धती इथेही होत्या म्हणून जरा बरं वाटलं. एक कापडवाला दर आठवड्याला 'दुकान कायमचं बंद, सगळा माल काढणार' असं छापायचा आणि अकरा वर्षं छापत राहिला. एकाने आपली जाहिरात मुद्दाम उलटी छापून घेतली होती. ती वाचायला मीसुद्धा मान वाकडी केलीच, म्हणजे पठ्ठ्याचे पैसे अजून वसूल होत होते.

आता माझी चूक. कौन्सिलच्या खर्चात अधूनमधून एक नोंद यायची: भटक्या माणसाला जेवण, पंधरा सेंट. इंग्रजीत 'मील'. काम शोधत गावोगाव हिंडणाऱ्या उपाशी माणसांना कौन्सिल स्वतःच्या खर्चाने एका खाणावळीत जेवू घालत असे. हे मला फार आवडलं होतं, त्यामुळे 'मील' हा शब्द दिसला की माझं बोट तिथे थांबायचं. आणि एका गुरुवारी ते एका किराणा दुकानाच्या जाहिरातीवर थांबलं. ठळक अक्षरांत लिहिलं होतं, इंडियन मील, ताजं, नेहमी मिळेल.

मी ओरडलेच. इंडियन मील! गावात विजेचा दिवा नव्हता तेव्हा इथे आपलं जेवण मिळत होतं? कुणी शिजवलं असेल? बोटीवरून उतरलेला एखादा खलाशी? एखादा आपल्यासारखाच, कुठून कुठे भटकत आलेला? त्याच जाहिरातीत खाली कॉफी, साखर आणि खाऱ्या माशांची यादी होती. ती मी सोयीस्करपणे दुकानाच्या दुसऱ्या कोपऱ्यात ढकलून दिली. खोलीवाली उठून आली, पानावर वाकली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "हे मी कधी असं वाचलं नव्हतं."

घरी येऊन लेकीला फोन केला. ती प्लेनोला असते आणि माझ्याशी इंग्रजीतच बोलते. "आई, आर यू शुअर? नेटिव्ह अमेरिकन असेल ना." मी ठणकावून सांगितलं की त्या लोकांना तोवर या भागातून केव्हाच हाकलून दिलं होतं, मी वाचलंय. मग आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षाला फोन केला. तो माझ्या लेकीच्या वयाचा. "काकू, हे तर ब्रेकिंग न्यूज आहे यार! आपण बस करू. सगळ्यांना तिथे नेऊ, पिकनिक पण होईल. मी लगेच ग्रुपवर पोस्ट करतो." त्याने पोस्ट केलं आणि दोन दिवसांत बस भरली.

या बसमुळे खोलीवालीच्या गोष्टीला वेगळं वळण लागलं. कौन्सिलला ती खोली एका विमा एजंटला भाड्याने द्यायची होती. खोली तापवायचा खर्च कोण करणार, जुना पेपर वाचतो कोण, असा प्रश्न होता. खोली गेली तर खंड खोक्यांत भरून काउंटीच्या गोदामात जाणार होते, आणि तिचे मंगळवार-गुरुवारही त्यांच्याबरोबर. निकाल पुढच्या मंगळवारच्या बैठकीत होता. सभासद पाच. दोघे खोलीच्या बाजूने, दोघे विरुद्ध. पाचवा डायनरचा मालक, तो दोन्ही डगरींवर हात ठेवून बसला होता. बसभर भारतीय माणसं शनिवारी गावात येणार आणि दुपारी त्यांना भूक लागणार, हे कळल्याबरोबर तो खोलीच्या बाजूला आला. त्याने मला विचारलं, "तुमच्यात शाकाहारी किती?" मी म्हटलं, अर्धे तरी. त्याने ते कागदावर लिहून घेतलं.

खोलीवालीने मला बैठकीत बोलायची विनंती केली. बाहेरच्या माणसालाही तीन मिनिटं मिळतात. मी जाहिरातीचा फोटो मोठा करून घेतला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसं माझं झालं होतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी, सोमवारी, खोली बंद असते. पण तिने मला किल्ली देऊन ठेवली होती. भाषणात दुसरा पुरावा असावा म्हणून मी पुढचा खंड उघडला. तिसऱ्याच पानावर गावच्या गिरणीची जाहिरात होती. तुमचा मका आणा, दळून देऊ. इंडियन मील, माणसांसाठी बारीक, कोंबड्यांसाठी भरड.

मी ती जाहिरात चार वेळा वाचली. मक्याचं पीठ! तेव्हाचे लोक मक्याला इंडियन कॉर्न म्हणत आणि त्याच्या पिठाला इंडियन मील. पंचेचाळीस वर्षं ओहायोत राहून, चहूकडे मका बघत, दर थंडीत त्याच पिठाच्या भाकऱ्या थापत मी गावभर सांगत सुटले होते की इथे वरणभात मिळत होता. मग हसू आलं, आणि हसता हसताच वाईट वाटलं. तो खलाशी मला हवा होता. त्याचा चेहरासुद्धा मी ठरवून ठेवला होता.

नवऱ्याला सांगितलं तर ते आधी पोट धरून हसले. "बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात! आणि तोही कोंबड्यांनी खाल्ला!" मग माझा चेहरा बघून गंभीर झाले. "एक काम कर. बैठक होऊन जाऊ दे. बुधवारी सांग सगळ्यांना. एका दिवसाने काय बिघडतं?"

"अहो, चुकीच्या ड्रॉइंगवर मी आयुष्यात सही केली नाही."

"हे ड्रॉइंग नाही. त्या बाईची खोली आहे."

मी अध्यक्षाला फोन लावला. तो बिचारा म्हणाला, "काकू, मग बस कॅन्सल करावी लागेल. कॉर्नमील बघायला कोण येणार?" आता खोलीवालीला सांगायला हवं होतं. केला नाही फोन. लाज वाटते, उद्या समोरासमोर सांगू, असं मी स्वतःला सांगितलं.

मंगळवारी बैठकीला मी नेमकी उशिरा पोचले. अग्निशामक केंद्राच्या मागच्या हॉलमध्ये वीसेक माणसं होती. खोलीवाली पहिल्या रांगेत, इस्त्री केलेला निळा ब्लाउज घालून. माझ्यासाठी शेजारची खुर्ची राखून ठेवली होती. मी बसतेय तोवर माझं नावच पुकारलं गेलं.

मी उभी राहिले आणि खरं ते सांगितलं. इंडियन मील म्हणजे काय, मी काय समजले, काल काय सापडलं, कोंबड्या, भाकरी, सगळं. हॉल खदखदा हसला. चांगलं हसला, मनमोकळं. मला जोर चढला. मी म्हटलं, चूक माझी आहे, पण ती चूक सापडली ती याच खोलीत, याच खंडांत. तुमच्या गावाने दिव्यांना किती तेल घातलं, कुठल्या चौकात किती फळ्या ठोकल्या, कुठल्या उपाशी माणसाला जेवू घातलं, हे तिथे लिहिलेलं आहे. ज्यांच्या जेवणाचे पैसे तुम्ही भरलेत त्यांची नावं नाहीत, तुमचे पंधरा सेंट मात्र आहेत. एवढं प्रामाणिक गाव मी दुसरं पाहिलं नाही. घंटा वाजली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसले तेव्हा माझी खात्री होती की घोडं गंगेत न्हालं.

डायनरच्या मालकाने हात वर केला. आवाजात जराही वाकडेपणा नव्हता. "म्हणजे शनिवारी बस येणार नाही?"

"नाही," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. मत घेतलं गेलं. तीन विरुद्ध दोन. खोली गेली.

बाहेर अजून उजेड होता. मक्यावरून वारा येत होता. खोलीवाली आपल्या गाडीपाशी पर्समध्ये किल्ली शोधत उभी होती, आणि मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं की मला फार वाईट वाटतंय, खरंच फार वाईट वाटतंय.

"इंडियन मील म्हणजे काय ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "माझी आजी त्याचं पुडिंग करायची."

"मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही इतक्या खूश झाला होतात. म्हटलं, पुढच्या आठवड्यात सांगू. मग ती बस ठरली, आणि मला एक मत हवं होतं." किल्ली सापडली. ती तशीच हातात धरून तिने माझ्याकडे पाहिलं. रागावलेली नव्हती, रागावली असती तर बरं झालं असतं. "तुम्ही मला काल फोन करायला हवा होता."

"लाज वाटली," मी म्हटलं.

"मी तुम्हाला म्हटलं असतं, फक्त उद्याचा दिवस गप्प बसा."

ती निघून गेली. मी गाडीत बसून राहिले, किल्ली न फिरवता. लाज वाटली हे मी पुढे नवऱ्यालाही सांगितलं, अध्यक्षालाही सांगितलं, आणि त्यांना ते पटलं. पण खरं तसं नव्हतं. तिने एक दिवस मागितला असता तर मी तो दिला असता, हे मला सोमवारीच ठाऊक होतं. म्हणूनच मी फोन केला नाही. माझं खरं बोलणं मला हवं होतं, आणि ते मी तिच्या खोलीच्या किमतीत घेतलं.