बुधवारच्या बाकावरच्या बाया

किस्से काही शोधायला जावं लागत नाही. दवाखान्याच्या फाइलीत कागद वाढतात, तसे ते आपोआप वाढतात. अमरावतीच्या आमच्या डॉक्टरबाईंकडे दर बुधवारी ज्या बाकावर आम्ही बसतो, त्यावर तर चार वर्षांचे साठलेत. मी अकोल्याच्या जुन्या शहरातली, घरी फुलांचा धंदा. शेजारी मूर्तिजापूरची नंदा आणि चांदूर बाजारच्या शोभाताई. तिघींचं मागणं एकच, मूल!

*

नंदाच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत नवसाचे गंडे. रक्त घ्यायला सिस्टर आली आणि सुई धरून नुसती बघतच राहिली.

"काहून वो, शीर कुठं हाये तुही?"

नंदा म्हणाली, "आठ देवायच्या खाली!"

सगळं बाक हसलं. मग नंदा एकेक गंडा वर सरकवू लागली. प्रत्येकाची माफी मागत होती. तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

*

माझे सोळा सोमवार चालू होते. गोळी जेवणानंतरची. मी भीत भीत विचारलं, "साबुदाण्यावर चालते का?"

डॉक्टरबाई ओरडल्या, "जेवल्यावर म्हणजे जेवल्यावर! नाहीतर महादेवाकडून चिठ्ठी आणा!"

मी उपवास सोडला नाही. सोमवारची गोळीही घेतली नाही. पुढे दुसऱ्यांदा गर्भ पडला, तेव्हा विचारलं, "त्या चुकवलेल्या गोळ्यांमुळे झालं का हो?" त्या "नाही" म्हणाल्या. पण जरा थांबून म्हणाल्या. ते थांबणं अजून माझ्याजवळ आहे.

*

डोहाळजेवणाचे फुलांचे दागिने आमच्याकडे होतात. बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट, सगळं मीच ओवते. माप माझ्याच हाताचं घेते. गल्लीतल्या एका घरून निरोप आला, "वहिनी, दागिने दादाच्या हातीच पाठवजा. तुमी कायले तरास घेता!"

बाकावर हे सांगितलं, तर शोभाताई फणकारल्या, "तुले कायचा तरास वो? तरास तं त्यायले होऊन राहिला!"

मी दागिने पाठवले. मोगऱ्याच्या चार कळ्या जास्तच ओवल्या. त्या बाळाचा काय दोष!

*

तिसऱ्यांदा दिवस गेले, तेव्हा डॉक्टरबाईंनी एक डबी दिली. "देव करो, लागू नये. पण पुन्हा तसं झालंच, तर जे पडेल ते यात घेऊन लगेच या. तपासलं तर कारण कळू शकतं."

मी डबी देव्हाऱ्याजवळ ठेवली. रोज हळदकुंकू वाहिलं, की हिची गरज पडू नये.

तिसऱ्या महिन्यात पडली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, देवळात गेल्या होत्या. हे बाजारात. मी डबी उघडली. प्लास्टिकची, वर नाव लिहायला पट्टी. काय नाव लिहू?

डबी मिटली. पांढऱ्या रुमालात गुंडाळलं आणि तुळशीच्या कुंडीत पुरलं. शास्त्रात बसतं की नाही, कुणाला विचारलं नाही.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी हात पुढे केला, "डबी?"

मी रिकामी डबी टेबलावर ठेवली. कुंडीचं सांगितलं. सगळ्यांवर ओरडणारी बाई माझ्यावर ओरडलीच नाही. एवढंच म्हणाली, "मग या वेळचं कारण आता कळणार नाही हो." ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्या हातानं मी उत्तर मातीत घातलं होतं!

*

घरी येऊन आत्याबाईंना सगळं सांगितलं. "आपल्या घरी झेंडूपक्षा गोळ्याच जास्त येतात" म्हणणारी ती बाई. त्या दिवशी कुंडीजवळ जाऊन बसली.

पुढच्या बुधवारी बघते तर एस.टी. स्टँडवर माझ्याआधी हजर! मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली तुळशीची कुंडी.

"आत्याबाई, हे काय?"

"डॉक्टरीणले देऊ. याच्यातच हाये ना? तपासन. कारण तं कळलं पाह्यजे माह्या सुनेले!"

बाकावर नंदानं आणि शोभाताईंनी सरकून कुंडीला जागा केली. आत गेल्यावर आत्याबाईंनी ती टेबलावर ठेवली आणि विचारलं, "रिपोर्ट कधी येईन?"

डॉक्टरबाई उठल्या. पायातल्या चपला काढून बाजूला सारल्या. कुंडीला हात लावून म्हणाल्या, "आजी, आता यातून काही निघायचं नाही. घरी न्या. पाणी घाला. दुसऱ्या तपासण्या आहेत, त्या आपण करू."

परतीची गाडी खच्चून भरलेली. आत्याबाईंनी कुंडी मांडीवर घेतली, पदरानं झाकली. बडनेरा गेल्यावर कंडक्टर आला.

"आजी, कुंडीचं लगेज लागन."

आत्याबाईंनी पदर थोडा अजून पुढं ओढला.

"काहून रे बाप्पा? मांडीवरच्या लेकराले कधीपासून तिकीट लागून राहिलं?"