मेधाचं खरं वजन

मंडळी, कोपरच्या सायबर कॅफेत बसून लिहितोय.

आज सकाळी कळव्याला एका टेम्पोने मेधाच्या स्कूटरला उडवलं. मेधा, म्हणजे माझी मेधा. मांडीचं हाड मोडलं, रक्त बरंच गेलं, लगेच ऑपरेशन ठरलं. तिला काट्यावर उभं करता येईना, म्हणून डॉक्टरांनी तिच्या आईला वजन विचारलं.

"बावन्न," काकू पटकन म्हणाल्या.

मला तिथेच संशय आला. गेल्या रविवारी आम्ही स्टेशनवरच्या मशीनवर वजन केलेलं. तिचं तिकीट माझ्या पाकिटात आहे, अडुसष्ट! हो, जपून ठेवलंय, हसा.

"काकू, खरं सांगा ना! तिच्या जिवाचा प्रश्न आहे!"

"तू कोण रे सांगणारा? कॉलेज सोडून उंडारणारा! बायोडाटात बावन्नच लिहिलंय."

बायोडाटा? म्हणजे स्थळं बघणं चालू आहे, आणि मला पत्ता नाही!

मी तिकीट डॉक्टरांपुढे आपटलं. ते काकूंवरच भडकले. "अहो, भुलीचं औषध वजनावर ठरतं. वजन जास्त असलं की श्वासाचा धोका, जखमही सावकाश भरते. आम्हाला खरं कळायला नको?"

ऑपरेशन नीट झालं, मेधा शुद्धीवर आलीय. काकू मात्र मी निघेपर्यंत माझ्याकडे चोर पकडल्यासारख्या बघत होत्या. हिचं वजन ह्याला कसं माहीत?

बघू देत. मला वेगळंच खातंय, तो बायोडाटा गेलाय कोणाकडे? तुमच्यापैकी कोणाच्या घरी बावन्न किलोची मेधा आली असेल, तर कळवा. अशी मुलगी अस्तित्वातच नाही.