दहा हात सुतळी

माझ्याशी बोलायचं असेल तर डाव्या बाजूला या. उजवा कान ब्रह्मदेशात गेला. डाव्यानं ऐकू येतं, पण तोंड अगदी जवळ आणलं तरच.

पल्टणीत मी नंबर एक स्काउट होतो, म्हणजे गस्तीत सर्वांत पुढं चालणारा. माझ्या मागं नंबर दोन म्हणून उत्रोलीचा महादू. मी त्याच भागातल्या गुंजवण्याचा, त्यामुळे आमचं जमलं. एका दुपारी खंदकाशेजारी मॉर्टरचा गोळा पडला. अंगावर ओरखडा नाही, पण जग मुकं झालं. संध्याकाळपर्यंत डाव्या कानात थोडा आवाज परतला. सुभेदारसाहेबांनी कानाशी वाकून विचारलं, "सब ठीक?"

"ठीक है, साहब."

खोटं बोललो, कारण मी भ्यालो होतो. आमच्या घरी बहिरा चुलता होता. तो ओसरीवर बसायचा. सगळ्यांचं उरकलं की त्याला ताट, आणि काही ठरवताना त्याला कोणी विचारायचं नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. आता ती ओसरी मला डोळ्यांपुढं दिसत होती.

महादूनं ओळखलं. डाव्या कानाशी येऊन म्हणाला, "तुला ऐकू येत न्हाई."

"येतंय."

"मागं मग्गा पडला, तू वळला न्हाईस. साहेबास्नी सांग."

"घरी धाडतील. काकागत वसरीवर बसू व्हय?"

तो म्हणाला, "आमची भैन सखू जन्माची बहिरी हाय. ती कुठं बसती वसरीवर? भाताच्या लावणीला मधी उभी असती. बोलायचं असलं की आमी चिखलात दोनदा पाय आपटतो. पाणी हाललं की ती वळती."

सकाळी साडेपाचला सहाजणांची गस्त निघाली. छावणी नजरेआड होताच महादू माझ्या पुढं गेला. दहा हात सुतळीचं एक टोक त्यानं आपल्या मनगटाला बांधलं, दुसरं माझ्या. "एक हिसका, थांब. दोन, आडवा हो. तीन, मागं फीर."

तासभर मी त्या सुतळीवर चाललो. पानं हलत होती, पण आवाज नव्हता. प्रत्येक झुडपामागं बंदूक आहे असं वाटे.

सहा चाळीसला नाल्याच्या काठी एक हिसका बसला. मी हात वर केला, मागचे थांबले. लगेच दोन हिसके. आम्ही आडवे झालो आणि डोक्यावरचा बांबूचा पाला तुटून अंगावर पडू लागला. मशीनगन होती. मला ती फक्त दिसली.

मग तीन हिसके आले. तिसरा अगदी हलका होता.

मी सुतळी ओढली. ती जड लागली. पुन्हा ओढली. उत्तर आलं नाही. मागच्या हवालदारानं माझा पाय धरून मला मागं खेचलं तेव्हा सुतळी तुटली. आम्ही पाचजण परतलो.

सुभेदारसाहेबांपुढं उभा राहून म्हणालो, "साहब, मुझे सुनाई नहीं देता."

"पहले क्यों नहीं बोला?"

आदल्या दिवशी बोललो असतो तर महादू त्या जागी नसता.

डिस्चार्ज घेऊन आधी उत्रोलीला गेलो. लावणी चालू होती. रांगेच्या मधोमध, माझ्याकडं पाठ करून, सखू वाकली होती. मी बुटांसकट खाचरात उतरलो आणि दोनदा पाय आपटला. ती वळली. महादू गेल्याची तार कधीच येऊन गेली होती, तरी तिनं माझ्या मागं पाहिलं. मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथून घरी आलो, काकाला ओसरीवरून उठवलं आणि खाचरात नेलं. घरच्यांना पाय आपटायला शिकवलं. तेव्हापासून लावणीला काका आणि मी मधे उभे राहतो.

पायाशी पाणी हललं की काका लगेच वळतो. मला थोडा वेळ लागतो. मागं महादू नसणार, हे मला ठाऊक असतं.