डाव्या दाराची मालकीण

ईनिड टॅपस्कॉटला गाडी चालवता येत नव्हती, तरी आमचा व्हिंब्रेल क्लब तिनेच काढला. तिचा नवरा डेन्झिल लडलो गावात केस कापायचं दुकान चालवायचा आणि रविवारी आपल्या हिरव्या, उघड्या टपाच्या, दोनच माणसं मावणाऱ्या व्हिंब्रेल गाडीखाली आडवा पडलेला असायचा. एकसष्ट साली व्हिंब्रेलचा कारखाना बंद झाला. त्यातच गाडीचा पाण्याचा पंप गेला आणि नवा कुठे मिळेना. डेन्झिलने हात टेकले. ईनिडने मात्र गठ्ठाभर पोस्टकार्डं आणली आणि दिसेल त्या व्हिंब्रेलच्या वायपरखाली एकेक खोचत सुटली: 'तुमच्याकडे जास्तीचं काय आहे? आमच्याकडे दोन हेडलाइट आहेत.'

पुढच्या वसंतात एका पबच्या अंगणात नऊ गाड्या जमल्या. त्यातली एक माझी, शेवटचा मैलभर ढकलत आणलेली. पंप मिळाला, क्लब झाला, ईनिड चिटणीस झाली. नियम तिनेच टाइप केले. पहिला नियम असा, की सभासद व्हिंब्रेलचा मालक असलाच पाहिजे. नवरा-बायको मिळून मालक धरले जातील. नुसत्या बघ्यांची गर्दी तिला नको होती.

कारखान्याचं उरलेलं सामान भंगारात निघालं, तेव्हा एका मासेवाल्याचा ट्रक मागून तिने ते घरी आणलं. गिअरबॉक्स सोफ्यावर आले आणि डेन्झिल स्वयंपाकघरात उभ्याने जेवू लागला. फोनवर इंजिनाचा आवाज ऐकवला, तर काय बिघडलंय ते ती सांगायची.

चौऱ्याहत्तरमध्ये रस्त्यात आलेल्या मेंढ्यांना वाचवताना डेन्झिल गाडीसकट टीम नावाच्या नदीत गेला. तो गळ्याजवळचं हाड मोडून वर आला. गाडी मात्र तुकड्यांनीच निघाली. त्या वर्षीच्या सभेत ईनिडने नेहमीसारखं इतिवृत्त वाचलं आणि त्याच सुरात, आता गाडी उरली नाही म्हणून, स्वतःचा राजीनामाही वाचला. आम्ही म्हणालो, नियम बदलू. ती ऐकेना.

"आज माझ्यासाठी वाकवाल, तर उद्या प्रत्येकाची मावशी सभासद होईल."

हॅडली प्रूएट आमचा दंतवैद्य. दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात त्याचा जन्म गेला, पण बारा वर्षांत सभेत स्वतःचं त्याने कधी उघडलं नव्हतं. तो उठून बाहेर गेला. पंधरा मिनिटांनी परतला तो आपल्या गाडीचं डावं दार काखेत मारून. ते त्याने टेबलावर, सँडविचांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"नियमात मालक म्हटलंय, बाई. अख्ख्या गाडीचा, असं कुठे म्हटलंय?"

ईनिडने नियमांचा कागद दोनदा वाचला. मग चष्मा काढला आणि बराच वेळ पुसत बसली.

"लिहिताना माझंच चुकलं म्हणायचं," ती म्हणाली, आणि राजीनामा घडी करून तिने पर्समध्ये टाकला.

प्रूएट त्या थंडीत चाळीस मैल बिनदाराचा घरी गेला. शेजारी बसलेली त्याची बायको मंगळवारपर्यंत त्याच्याशी बोलली नाही म्हणतात.

पुढे ईनिडने आणखी एकवीस वर्षं क्लब सांभाळला. आज हॉलंडपासून टास्मानियापर्यंत आमचे सभासद आहेत. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिने आपणहून चिटणीसपद सोडलं. कारण विचारलं, तर म्हणाली, गुरुवारी हिरवळीवर चेंडू घरंगळवत बोल्स खेळायचं असतं. खेळ तिला अजिबात जमायचा नाही. पण एकही गुरुवार तिने चुकवला नाही.