मशीनला सांगितलेली जन्मवेळ

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. एकीला ते कळलं — पण माझ्या तोंडून नव्हे.

आधी माझा स्वभाव सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. कलकत्त्याच्या बेहाला भागात माझं पत्र्याची कपाटं बनवायचं वर्कशॉप आहे. रिकाम्या हाताने इथे आलो आणि घासाघीस करत उभा राहिलो. समोरच्याने आकडा सांगितला की तो खाली आणल्याशिवाय मला चैन पडत नाही. आणि झालेला अपमान मी विसरत नाही. विसरायला हवा होता का? — ते राहू द्या.

डलहौसी चौकाजवळच्या एका कचेरीत कॉम्प्युटर आला, तेव्हा त्याच्या कार्डांसाठी ट्रे बनवायचं काम मला मिळालं. फाटकाबाहेर कारकून घोषणा देत होते, हे यंत्र आमच्या पोटावर उठलंय म्हणून. आत मात्र देवळासारखं, चपला काढून जायचं. आणि तो गारवा! ट्रे मोजून द्यायचे सोडून मी नुसता बघत राहिलो. भोकं पाडलेली कार्डं एकीकडून आत जातात, दुसरीकडून छापील कागद बाहेर येतो — मधे काय होतं? कोण ठरवतं? मी मित्रबाबूंचं डोकं खाल्लं. मशीन त्यांच्या ताब्यात होतं. फावल्या वेळात त्यांनी त्याला पत्रिका जुळवायला शिकवलं होतं: दोघांच्या जन्मवेळा घाला, गुण छापून येतात. सगळ्यांत नवल मला कशाचं वाटलं, सांगू? याच्याशी घासाघीस करता येत नाही. चेहराच नाही, तर वाचणार काय?

आता सुमनबद्दल. माझी धाकटी बहीण. आईवडील गेल्यावर मीच तिला वाढवली. देवधर म्हणून बँकेतले अधिकारी बदली होऊन इथे आले होते. त्यांच्या मुलाची, प्रभाकरची, आणि तिची ओळख इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत झाली. ती बोलली काहीच नाही. पण तो घरी यायचा असला की चहाचे कप दोनदा विसळायची.

बोलणी चांगली चालली होती. मग एकदा मंडळाच्या पंगतीत देवधर सगळ्यांदेखत म्हणाले, "तुमच्याशी सोयरीक म्हणजे जपूनच राहायला हवं. मुंडावळ्यांचाही भाव पाडाल तुम्ही." पंगत हसली. मीही हसलो. ते हसणं मी अजून विसरलेलो नाही — पण त्यात सुमनचा काय संबंध होता?

पत्रिका दाखवल्या, तर दोन गुरुजींनी दोन उत्तरं दिली. देवधर स्वतःला नव्या विचारांचे समजत. म्हणाले, मशीनलाच विचारू, त्याला कोणाशी देणंघेणं नाही. मी विचारलं. गुण आले अठ्ठावीस. उत्तम.

आणि मी तो कागद घडी करून खिशात घातला. मित्रबाबूंना म्हणालो, सुमनची वेळ चुकली, पहाटेची नव्हे, आदल्या रात्रीची घाला. त्यांनी दुसरं कार्ड पाडलं. या खेपेला अकरा आले. हा दुसरा कागद मी देवधरांपुढे ठेवला.

मशीन खोटं बोललं नाही. खोटं मी त्याला भरवलं. जन्मवेळ कागदाच्या माथ्यावरच छापलेली होती, सुमनची खरी पत्रिका देवधरांच्या टेबलावर पडलेली होती. कोणी ताडून बघितलं नाही. सगळ्यांची नजर खालच्या आकड्यावर. गुरुजींशी हेच देवधर दोन तास भांडले असते. कागदाशी कोण भांडणार? हे मला आधीच कळलं होतं, म्हणूनच तर मी मशीनचा आडोसा घेतला.

सोयरीक मोडली. पुढे देवधरांची बदली झाली. सुमनने मला एवढंच विचारलं, "दादा, त्या मशीनला माझ्याबद्दल काय माहीत होतं?"

"जन्मवेळ."

"एवढ्यावरून त्याला कळलं?"

मग ती कार्डं पाडायला शिकली. मित्रबाबूंच्याच हाताखाली लागली. लग्न केलं नाही. पण स्वतःच्या पायावर उभी आहे, साहेबलोक तिला विचारून काम करतात — ज्या मशीनने तिचं एक आयुष्य नेलं, त्यानेच तिला दुसरं दिलं. याचा हिशेब मला जमत नाही. मी तो करूही नये.

परवा जेवताना म्हणाली, "मित्रबाबू निवृत्त झाले, त्यांचे जुने ट्रे मी आवरले. पत्रिकांचा गठ्ठा सापडला. त्यात माझी दोन कार्डं होती. एक पहाटेचं, एक रात्रीचं. दोन्ही चालवून बघितली."

तिने माझ्या पानात भात वाढला.

"अठ्ठावीस होते, दादा."

मी मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्याने सांगितलेला आकडा मी तसाच मान्य केला.